गोठलेले इंजिन आणि 'अनावश्यक' बाब

शासकीय खरेदीच्या नियमांत 'मूलभूत गरज' आणि 'अनावश्यक बाब' असे दोन शब्दप्रयोग वारंवार येतात. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १४४ चा आशय असा की, घ्यावयाच्या वस्तूचे विनिर्देश कार्यालयाची विशिष्ट गरज ओळखून ठरवावेत आणि त्यांत खर्च वाढविणाऱ्या अनावश्यक बाबींचा समावेश नसावा. तत्त्व निर्विवाद योग्य आहे. परंतु व्यवहारात असे होते की, वाक्याचा उत्तरार्ध सर्वांच्या लक्षात राहतो आणि पूर्वार्ध विस्मरणात जातो. लेखापरीक्षणाची धास्ती 'अनावश्यक' या शब्दाला चिकटलेली असते. 'विशिष्ट गरज' या शब्दांना नसते.

याचे एक अगदी लहान, पण बोलके उदाहरण म्हणजे इंजिन ब्लॉक हीटर. महाराष्ट्रात आयुष्य गेलेल्या वाचकाने कदाचित हे नावही ऐकले नसेल. कॅनडातील एडमंटन किंवा विनिपेग येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला मात्र त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. तेथे हिवाळ्यात गाडीच्या पुढच्या जाळीतून बाहेर लोंबणारी विजेची वायर हे नेहमीचे दृश्य आहे. रात्री गाडी उभी करायची, वायर भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायची आणि सकाळी काढून निघायचे, हा तेथील दिनक्रमाचा भाग झाला आहे.

आपल्या देशातही असा हिवाळा असणारे प्रदेश आहेत. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. द्रास त्याहून थोडे खाली असले तरी थंडीत वरचढ आहे. तेथे पारा उणे २० अंशांखाली जाणे हिवाळ्यात नवलाचे नाही. हिमाचलातील काझा आणि केलाँग हीही याच पंक्तीतली गावे. या गावांत रुग्णवाहिका, पोलिसांच्या जीपगाड्या, बर्फ हटविणारी यंत्रे आणि शिधा पोहोचविणारे ट्रक चालतात. त्यांपैकी कोणतेही वाहन पहाटे पाच वाजता सुरू झाले नाही तर त्याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको. प्रसूतीच्या वेणा ऊन वर येण्याची वाट पाहत नाहीत.

इंजिन का सुरू होत नाही, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण येथे तीन निरनिराळ्या अडचणी एकत्र येतात आणि त्यांवरचे उपायही निरनिराळे आहेत.

पहिली अडचण इंधनाची. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. थंडीत त्यांचे स्फटिक बनतात आणि गाळणी तुंबते. सर्वसाधारण भारतीय डिझेलसाठी ही गाळणी तुंबण्याची तापमान-मर्यादा हिवाळ्यात ६ अंश सेल्सियस अशी मानकाने ठरविलेली आहे. मैदानी प्रदेशाला ती पुरेशी आहे. द्रासला तिचा काहीच उपयोग नाही. म्हणून वर्षानुवर्षे तेथील चालक डिझेलमध्ये रॉकेल मिसळत आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल उपलब्ध करून दिले. पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार होणारे हे इंधन उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. प्रदेशाची गरज ओळखून मानक बदलता येते, याचा हा उत्तम दाखला होय.

दुसरी अडचण इंजिनाची. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. ब्लॉकचे लोखंड रात्रभर गोठलेले असेल तर ती उष्णता तेच शोषून घेते. लेहच्या उंचीवर हवाही सुमारे एक तृतीयांशाने विरळ असते. शिवाय वंगण घट्ट होऊन इंजिन फिरविणेच जड जाते. तिसरी अडचण बॅटरीची. उणे १८ अंशांच्या सुमारास शिसे-आम्लाच्या बॅटरीची शक्ती जवळजवळ निम्मी होते. म्हणजे इंजिन फिरविण्यास सर्वाधिक जोर लागतो, त्याच वेळी जोर सर्वांत कमी असतो.

ब्लॉक हीटर मुख्यत्वे दुसऱ्या अडचणीवर उपाय आहे आणि तिसरीचा भार तो हलका करतो. टाकीतल्या डिझेलला तो ऊब देत नाही. हिवाळी डिझेल आले म्हणून हीटरची गरज संपली, किंवा हीटर बसविला म्हणून साधे डिझेल चालेल, हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

या उपकरणाचे काही प्रकार आहेत. सर्वांत प्रचलित प्रकारात इंजिन ब्लॉकच्या ओतकामाची भोके ज्या धातूच्या चकत्यांनी बुजवलेली असतात, त्यांपैकी एक काढून तेथे विजेचा तापक बसवितात. तो आतील कूलंट तापवितो. दुसरा प्रकार कूलंटच्या रबरी नळीत बसतो. तिसरा म्हणजे वंगणाच्या तळपात्राला बाहेरून चिकटविण्याची तापपट्टी. ती बसविण्यास सोपी, पण परिणाम मर्यादित. चौथा प्रकार गाडीच्याच टाकीतील डिझेल जाळून कूलंट तापवितो आणि केवळ गाडीच्या बॅटरीवर चालतो. जेथे रात्री वीज नाही, तेथे हाच योग्य. विजेच्या हीटरसाठी दोन ते चार तास पुरतात. म्हणून टायमर लावावा. वायर जाड, बाहेरच्या हवामानास टिकणारी असावी आणि अर्थिंग चोख असावे.

परदेशस्थ वाचकांना येथे एक सूचना करणे आवश्यक वाटते. आपुलकीपोटी कोणी कॅनडा-अमेरिकेतून असा हीटर इकडे पाठविण्याचा विचार करील. तेथील हीटर १२० व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर तोच हीटर साडेतीन पटींहून अधिक वीज खेचेल आणि जळून जाईल. कदाचित गाडीलाही आग लागेल. हीटर २३० व्होल्टचा आणि त्या विशिष्ट इंजिनासाठी बनविलेलाच घ्यावा.

आता प्रशासनाच्या मुद्द्याकडे येतो. हिवाळ्यात लडाखच्या दौऱ्यावर असताना एका आरोग्य केंद्राबाहेर रुग्णवाहिका रात्रभर चालू ठेवलेली मी पाहिली. चालकाला विचारले, तर तो म्हणाला, "साहेब, बंद केली तर सकाळी हिच्याखाली शेगडी पेटवावी लागते." इंधनाच्या नळ्यांखाली उघडा विस्तव ठेवणे किती धोक्याचे आहे, हे त्यालाही ठाऊक होते. गाडी नुसती उभी ठेवून चालविली तरी ताशी सुमारे अर्धा ते एक लिटर डिझेल जळते. दहा तासांत पाच ते दहा लिटर. ५०० वॅटचा हीटर तीन तास चालविला तर दीड युनिट वीज लागते. हिशेब इतका सोपा असता, असा प्रस्ताव कोणी का पाठविला नाही, याची चौकशी केली. प्रस्ताव गेला होता. 'सदर बाब वाहनाच्या मंजूर विनिर्देशात समाविष्ट नाही' या शेऱ्यासह तो परत आला होता. रात्रभर जळणाऱ्या डिझेलवर मात्र कोणाचा आक्षेप नव्हता, कारण इंधन हे मंजूर लेखाशीर्ष आहे.

शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्याच्यासमोर जो विनिर्देश होता, तो चाकणला बनणारी गाडी लातूरला आणि लेहला सारखीच चालेल, असे गृहीत धरून लिहिलेला होता. चूक त्या गृहीतकात आहे. समान वागणूक आणि एकसारखी वस्तू यांत आपण नेहमी गल्लत करतो. लातूरच्या आणि लेहच्या रुग्णाला समान सेवा द्यावयाची, तर दोघांच्या रुग्णवाहिका थोड्या वेगळ्या असाव्याच लागतील.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, हीटर ही केवळ गाडीची जोडवस्तू नव्हे. तो गाडीत असतो, पण त्याचा प्लग भिंतीवर असतो. म्हणजे वाहनतळावर विजेची जोडणी हवी, आणि ती वाहन खरेदी करणाऱ्या विभागाच्या हाती नसून इमारत बांधणाऱ्या व वीज पुरविणाऱ्या विभागांच्या हाती असते. अलास्कातील फेअरबँक्स येथे ही बाब फार पूर्वीच ओळखली गेली. थंड इंजिने सुरू होताना निघणारा कार्बन मोनॉक्साइड तेथील स्थिर हिवाळी हवेत साचून राही. म्हणून मोठ्या वाहनतळांवरील प्लग कडक थंडीत चालू ठेवण्याचे बंधन तेथील स्थानिक प्रशासनाने घातले. जे लोक खासगी सोय समजत होते, ती सार्वजनिक व्यवस्था ठरली.

लडाखमध्ये असा विचार पूर्वी अव्यवहार्य ठरला असता. परंतु फेब्रुवारी २०१९ मध्ये श्रीनगर-लेह ही २२० केव्हीची वीजवाहिनी राष्ट्राला अर्पण झाली आणि द्रास, कारगिल व लेह देशाच्या वीजजाळ्याशी जोडले गेले. जोडणी झाली म्हणून प्रत्येक रात्री प्रत्येक केंद्रात वीज असेलच असे नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यासाठीच डिझेलवर चालणाऱ्या हीटरचा पर्याय विनिर्देशात असावा. वर्षातले तीन-चार महिने लागणाऱ्या वस्तूवर खर्च का, असाही प्रश्न येईल. त्याला उत्तर हेच की, छत्रीही कोकणात चारच महिने लागते.

माझ्या मते चार गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत. एक, अतिशीत जिल्ह्यांसाठी वाहनांच्या विनिर्देशाला स्वतंत्र 'हिवाळी परिशिष्ट' जोडावे. त्यात हीटर, शून्याखालील तापमानाला योग्य वंगण, कूलंटचे प्रमाण आणि अधिक क्षमतेची बॅटरी यांचा समावेश असावा. दोन, हीटर उत्पादकाकडूनच बसवून घ्यावा, म्हणजे गाडीच्या हमीचा वाद उद्भवणार नाही. तीन, तेथील आरोग्य केंद्र, पोलीस ठाणे व अग्निशमन केंद्र यांच्या इमारतीच्या नकाशातच वाहनतळावरील प्लग दाखवावेत. चार, रुग्णवाहिकेपासून आरंभ करावा. अधिकाऱ्यांच्या गाड्या शेवटी याव्यात.

यांपैकी कशासाठीही नवा कायदा लागत नाही. नियम १४४ मधील 'विशिष्ट गरज' हे शब्द पुरेसे आहेत. केवळ ते त्या ठिकाणच्या तापमानात उभे राहून वाचावयास हवेत. विनिर्देश लिहिणाऱ्या प्रत्येक समितीत, जेथे ती वस्तू वापरली जाणार आहे तेथील एक चालक किंवा एक मेकॅनिक असावा, असा आग्रह मी यापुढेही धरीन.