दातवालीची पीएचडी

"मग, दवाखाना कुठे टाकलास?"

हा प्रश्न माझ्या मैत्रिणीला या सुट्टीत नेमका किती वेळा विचारला गेला, ते तिने मोजून ठेवलंय. तीन आठवड्यांत एकोणीस वेळा! त्यातले अकरा एकाच साखरपुड्यात. मोजायची तिला सवयच लागलीय म्हणा. अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत ती गेली चार वर्षं तेच करतेय. लोकांचे दात मोजतेय.

शाळेपासून आमच्या ग्रुपमध्ये तिचं नाव 'दातवाली'. नववीतच तिने डेन्टिस्ट होणार म्हणून जाहीर केलं होतं, आणि झालीसुद्धा. इंटर्नशिप धरून पाच वर्षांचं बीडीएस संपेपर्यंत काकूंनी डोंबिवलीत स्टेशनजवळ एक गाळा हेरून ठेवला होता. डेन्टल चेअरचं कोटेशनही आलं होतं. अशा वेळी बाईसाहेबांनी बॉम्ब टाकला. आधी मास्टर्स इन पब्लिक हेल्थ आणि मग पीएचडी. विषय? ओरल एपिडेमिऑलॉजी.

"म्हणजे साथीच्या रोगांचं ना गं ते?" काकू म्हणाल्या, "दातांची कुठे साथ येते?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर मात्र झोप उडवणारं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात साधारण साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे. जवळपास अर्धं जग! फक्त ही साथ एका रात्रीत येत नाही, म्हणून तिची ब्रेकिंग न्यूज होत नाही.

आता फंडा समजून घ्या. तुमचा डेन्टिस्ट एका वेळी एका तोंडात डोकावतो आणि विचारतो, हा दात का किडला? एपिडेमिऑलॉजिस्ट अख्ख्या गावाच्या तोंडात डोकावते आणि विचारते, याच गावाचे का किडले? शेजारच्या गावाचे का नाही?

मला वाटायचं, पीएचडी म्हणजे लायब्ररी, कॉफी आणि जाडजूड थिसिस. दातवाली हसली. "पहिली दोन वर्षं मी नुसती शाळेत जात होते गं. बायोस्टॅटिस्टिक्स, स्टडी डिझाइन, प्रोग्रॅमिंग. बारावीनंतर मॅथ्सला टाटा केलेला, तो समोर येऊन उभा राहिला. त्यानंतर क्वालिफाइंग एक्झाम. ती पास झालीस तरच थिसिसचा प्रस्ताव मांडायचा."

पण तिचा खरा इगो उतरला तो कॅलिब्रेशनमध्ये. सर्वेक्षणाला निघण्याआधी सगळ्या तपासनीसांना एकाच मापात आणायचं, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्याच मुलांचे तेच दात, आधी एकीने बघायचे, मग दुसरीने. हातात छोटा आरसा आणि टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा गोळा असलेला प्रोब. एक म्हणते कीड, दुसरी म्हणते नुसता डाग. मग दोघींचं किती जुळलं ते 'कॅपा' नावाच्या आकड्यात मोजतात. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये तो मांडला. गंमत म्हणजे, निव्वळ योगायोगाने जेवढं जुळलं असतं तेवढं तो आधीच वजा करून टाकतो. उरेल तेवढंच तुमचं.

"माझा पहिला कॅपा इतका वाईट आला की मी बाथरूममध्ये जाऊन रडले," ती म्हणाली. "पाच वर्षं शिकले, कीड ओळखता येते असं मी छातीठोक सांगायचे. मग कळलं की मला 'माझी' कीड ओळखता येते."

बॉस, हे वाक्य मी माझ्या डेस्कवर चिकटवलंय. अप्रेझलच्या सीझनमध्ये तुम्हीही चिकटवा.

या सगळ्या मोजणीत एक जुना फॉर्म्युला अजून टिकून आहे. १९३८ मध्ये क्लाइन, पामर आणि नटसन या तिघांनी अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या हेगर्सटाऊनच्या शाळकरी मुलांसाठी तो वापरला. किडलेले, कीड लागल्यामुळे काढून टाकलेले आणि भरलेले दात, तिन्हींची बेरीज. नाव डीएमएफटी. ऐकायला किती सोप्पं! पण दातवालीने टिश्यू पेपरवर दोन माणसं काढली. एक आयटीवाला. सहा दात भरलेले, सगळं टूथ-कलर्ड, चकाचक. दुसरा नाक्यावरचा वडापाववाला. सहा दात काढलेले. दोघांचा स्कोअर सेम, सहा.

"आता सांग, दोघांची तब्येत सेम आहे?"

एकाने सहा वेळा अपॉइंटमेंट घेतली. दुसऱ्याने सहा वेळा दुखणं असह्य होईपर्यंत काढलं आणि मग दातच काढला. बेरजेत हे दिसत नाही. त्यामुळे सहा आकडा हाती आला की तो फोडून आत काय आहे ते बघायचं. पीएचडीत हेच शिकवतात म्हणे.

आणि दुसरी गोष्ट शिकवतात ती म्हणजे स्वतःच्या आवडत्या कल्पनेवर संशय घेणं. १९९६ मध्ये १२४ बायकांचा एक अभ्यास छापून आला. हिरड्यांचा आजार असलेल्या आयांची बाळं वेळेआधी आणि कमी वजनाची जन्मण्याची शक्यता कितीतरी जास्त, असं त्यात दिसलं. डेन्टल जगतात एकदम खळबळ! हिरड्या साफ करा, बाळं वाचवा. केवढं हॅपनिंग! पण थांबा. जी बाई सिगारेट ओढते तिच्या हिरड्याही बिघडतात आणि बाळालाही त्रास होतो. जिच्याकडे पैसे नाहीत तिचंही तसंच. मग दोष हिरड्यांचा की आणखी कुणाचा? या लपलेल्या तिसऱ्या पार्टीला 'कन्फाउंडर' म्हणतात. शेवटी मोठा प्रयोग झाला. ८२३ गरोदर बायका, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. एका गटाच्या हिरड्यांवर गरोदरपणातच उपचार, दुसऱ्या गटाच्या बाळंतपणानंतर. २००६ मध्ये निकाल आला. वेळेआधीची बाळंतपणं एका गटात १२ टक्के, दुसऱ्यात १२.८ टक्के. म्हणजे फरक जवळपास नाहीच.

"वाईट वाटलं असेल ना लोकांना?" मी विचारलं.

"वाटलं असणारच. पण हिरड्यांवरचे उपचार गरोदरपणात सुरक्षित आहेत हे त्यातून कळलं ना. आणि बाळांसाठी दुसरीकडे शोधायला हवं हेही."

हे सगळं ऐकायला छान वाटतं. त्याची किंमतही ऐका. आपलं बीडीएस घेऊन तिकडे दात भरता येत नाहीत. त्यासाठी वेगळ्या परीक्षा आणि साधारणपणे पुन्हा दोन-तीन वर्षांचा डेन्टल कोर्स लागतो. पीएचडीने तो परवाना मिळत नाही. म्हणजे नावापुढे दोन-दोन डॉक्टरक्या लागतील, पण अमेरिकेत साधं फिलिंग करायची सोय नाही. अमेरिकन सरकारच्या डेन्टल संशोधन संस्थेची ट्रेनिंग ग्रँट असते, पण ती तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना. आपल्या पोरांनी प्रोफेसरच्या प्रोजेक्टवर असिस्टंट व्हायचं, त्यातून फी माफ आणि स्टायपेंड. तिच्या बॅचमेट्सनी क्लिनिकं टाकली, गाड्या घेतल्या, दुसरी ब्रँच उघडली. ती रूममेटबरोबर राजमा शिजवतेय. रात्री दोन वाजता कधी कधी तिलाही तो गाळा आठवतो.

इथेच राहून हे करायचं असेल तर रस्ता आहे, बरं का. बीडीएसनंतर नीट-एमडीएस द्या आणि पब्लिक हेल्थ डेन्टिस्ट्री ही ब्रँच घ्या. तीन वर्षांचा कोर्स. त्यापुढे पीएचडी. ब्रेसेस आणि रूट कॅनालवाल्या ब्रँचेसच्या ग्लॅमरपुढे ही जरा कोपऱ्यात उभी असते, एवढंच.

आणि हो, हे काही फॉरेनचं फॅड नाही. अणुविज्ञानासाठी आपल्याला माहीत असलेल्या कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये एक डेन्टल रिसर्च युनिट होतं. तिथले डॉ. फली मेहता, त्यांचे सहकारी आणि डेन्मार्कचे प्रोफेसर पिंडबोर्ग यांनी १९६० च्या दशकात घरोघरी जाऊन भारतातल्या ५०,९१५ गावकऱ्यांची तोंडं तपासली. मग महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची. तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. एक लाखाहून जास्त तोंडं! कॉम्प्युटर टेबलावर मावत नव्हता त्या काळात. पुढे याच परंपरेतल्या टीमने एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलममध्ये ३६ हजार तंबाखूवाल्यांना सोडायचा आग्रह केला. तंबाखू सोडणारे वाढले आणि तोंडातले नवे पांढरे चट्टे कमी झाले. केरळमध्ये तर आरोग्य कर्मचाऱ्यांनी नुसत्या उजेडात, डोळ्यांनी बघून तोंडं तपासली. २००५ मध्ये छापून आलेल्या निकालात, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटलेले दिसले.

हे ती मला आमच्या किचनमध्ये सांगत होती. बाहेर बाबा तळहातावर तंबाखू-चुना मळत होते. तीस वर्षांची सवय. मी त्यावर लेख लिहिलेत, भांडलेय, डबी फेकून दिलीय. झिरो इफेक्ट.

ती उठली. "काका, जरा खिडकीपाशी येता? आ करा." मोबाइलचा टॉर्च लावला आणि गाल बाजूला करून बघितलं. मिनिटभर काहीच बोलली नाही. मी तिला तेवढं शांत कधीच बघितलं नव्हतं.

"काका, डाव्या गालात पांढरा चट्टा आहे. हा कॅन्सर आहे असं मी म्हणत नाहीये. पण याच आठवड्यात बायॉप्सी करायची. मी बरोबर येते."

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस आमच्या घरात कुणी टीव्हीसुद्धा लावला नाही. रिपोर्ट आला. ल्युकोप्लेकिया, कॅन्सर नाही. दर काही महिन्यांनी दाखवायचं आणि तंबाखू बंद. त्या दिवशी बाबांनी डबी तिच्या हातात दिली. मला नाही, तिला. मग तिने त्यांना तो लाखभर गावकऱ्यांचा किस्सा सांगितला. बाबा खूप वेळ ऐकत राहिले. "म्हणजे एवढ्या लोकांनी तोंड उघडलं म्हणून आज तुला माझ्यात काय शोधायचं ते कळलं," ते म्हणाले.

आज पंच्याऐंशीवा दिवस. मधे दोनदा पाय घसरला, ते त्यांनी स्वतःच तिला फोन करून कबूल केलं. ती तिकडे मोजतेय.

तिला एअरपोर्टला सोडायला निघालो तेव्हा लिफ्टमध्ये शेजारच्या काकू भेटल्या. "काय गं, दवाखाना कुठे टाकलास?" विसावी वेळ. ती तोंड उघडणार, तेवढ्यात बाबाच बोलले, "तिला एका दवाखान्यात बसवून कसं चालेल, वहिनी? ती अख्ख्या गावाचे दात बघते."

बाय द वे, तुमच्या घरात कुणी मळतंय का? मिश्री लावतंय का? आज संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च लावा आणि म्हणा, जरा आ करा. पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर सरळ डॉक्टर गाठा.