बीटी आहे, पण चालू आहे का?

गेल्या महिन्यात वीकेंडला कन्हेरीला जाऊन आलो. मारुतीचं दर्शन झालं (शनिवार होता, त्यामुळे मटण रविवारवर ढकललं :)). आमच्या बारामतीकडे गप्पा उसाच्या, पण यावेळी यवतमाळहून आतोबा आले होते. त्यांचा कापूस. त्यांनी मला थेट विचारलं, "पाकिटावर बीटी लिहिलं हाये, मंग अळी बोंडात घुसतेच कशी? तू इंजिनीअर ना, सांग."

मी आपला ठोकून दिलं, "डीएनए म्हणजे कोड. बॅक्टेरियातून कॉपी केला, कपाशीत पेस्ट केला." पुण्यात परत येऊन वाचलं, तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

काय आहे, बॅक्टेरियात केंद्रक नसतं. जीनची आरएनए प्रत निघत असतानाच तिच्यावरून प्रोटीन बनायला लागतं. पोळी तव्यावरून थेट ताटात. कपाशीच्या पेशीत मात्र प्रत केंद्रकात निघते, तिला टोपी आणि शेपूट लागते, मधले तुकडे कापले जातात आणि मगच ती बाहेर पडते. बीटीच्या मूळ जीनमध्ये ए आणि टी ही अक्षरं फार. त्यातल्या काही जागा कपाशीची यंत्रणा 'इथे काप', 'इथे संपव' अशा वाचते. परिणाम? प्रोटीन जेमतेम. 1991 साली मोन्सँटोच्या शास्त्रज्ञांनी प्रोटीन जवळपास तेच ठेवून जीनचं स्पेलिंग बदललं, तेव्हा उत्पादन शंभरपटीपर्यंत वाढलं. बॅक्टेरियाचं स्विचही झाडाला कळत नाही, म्हणून फ्लॉवरवरच्या एका विषाणूचं वापरलं. थोडक्यात, कॉपी-पेस्ट नाहीच, चक्क पोर्टिंग!

आणि तरी ते सगळीकडे सारखं चालत नाही. बीटी कपाशीला भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली. 2005 मध्ये नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हे प्रोटीन पानांत भरपूर असतं, पण बोंडाच्या सालीत आणि फुलाच्या बीजकोशात सगळ्यात कमी. अळीला हवी असते नेमकी तीच जागा! शिवाय पीक 110 दिवसांचं होईपर्यंत प्रमाण पुरेशा पातळीच्या खाली जातं. अर्धवट डोसातून वाचलेल्या अळ्या पुढची पिढी वाढवतात. पुढे गुलाबी बोंडअळी दोन जीनवाल्या बियाण्यालाही पुरून उरली, 2017 मध्ये महाराष्ट्राने ते भोगलं. (त्याला बाकी कारणंही आहेत, पण ते परत कधीतरी.)

माझा राग वेगळाच आहे. बीटीचे समर्थक असोत की विरोधक, सगळे 'जीन आहे की नाही' यावरच भांडतात. किती, कुठे, कधी, हे कोणी बोलतच नाही. म्हणे शेतकऱ्याला झेपणार नाही. अहो, कितव्या दिवशी कोणतं पाणी द्यायचं हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याला हे का झेपणार नाही?

काल आतोबांना फोन करून सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग औषधाच्या बाटलीवर असते तशी तारीख पाकिटावर का नाही टाकत, बाप्पा?"

मी विषय बदलला.