ई-मेल जपणे ही आता कायदेशीर जबाबदारी

७ जानेवारी २००९ रोजी 'सत्यम कॉम्प्युटर्स'चे अध्यक्ष रामलिंग राजू यांचे पत्र ई-मेलद्वारे 'सेबी'कडे पोहोचले आणि सिकंदराबादच्या सरदार पटेल मार्गावर नोंदणीकृत कार्यालय असलेल्या या कंपनीचा डोलारा कोसळला. ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याची ती कबुली होती. पुढे तपासात सात हजारांहून अधिक बनावट बिले उघड झाली. बिलांच्या संगणक प्रणालीत विशेष अधिकार वापरून ती अशा रीतीने नोंदवली होती की, इतर कर्मचाऱ्यांना दिसू नयेत. हिशेबात मात्र उत्पन्न म्हणून धरली जावीत. माणसांपासून लपवलेली ही नोंद यंत्रात मात्र शाबूत राहिली. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवले.

या प्रकरणाचा धडा केवळ लेखापालांपुरता नाही. कंपनीतील निर्णय कोणी, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून घेतला, याचा माग आज प्रामुख्याने ई-मेलमध्ये सापडतो. अमेरिकेत 'एन्रॉन'च्या चौकशीनंतर सुमारे दीडशे कर्मचाऱ्यांचे लाखो संदेश खुले झाले, तेव्हा या पुराव्याचे बळ जगाला कळले. २००६ मध्ये तेथील दिवाणी प्रक्रियेच्या नियमांत इलेक्ट्रॉनिक माहितीचा स्पष्ट समावेश झाला.

भारतातही २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याने दिवाणी प्रक्रिया संहितेत बदल करून, व्यावसायिक दाव्यांत पक्षकारांनी आपल्या ताब्यातील संबंधित कागदपत्रे व इलेक्ट्रॉनिक नोंदी उघड करणे बंधनकारक केले. अशा नोंदी ग्राह्य कशा धराव्यात, या वादाचे उत्तर मिळाले ते मराठवाड्यातून. जालना विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरण हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने त्या प्रमाणपत्राचे दोन भाग केले. एक भाग नोंदीची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असून, त्यात नोंदीचे 'हॅश' मूल्य द्यावे लागते. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी हे मूल्य बदलते.

येथेच अनेक कंपन्यांची गल्लत होते. 'बॅकअप' म्हणजे अभिलेखागार नव्हे. बॅकअप यंत्र बिघडल्यास कामी येतो. परंतु दोन बॅकअपच्या मधल्या काळात येऊन पुसलेला संदेश त्यात नसतोच. खऱ्या अभिलेखागारात प्रत्येक संदेशाची प्रत तो येता-जाताच वेगळी ठेवली जाते आणि प्रेषक, दिनांक, मजकूर व जोडपत्रे यांची सूची तयार होते. वाद उद्भवताच संबंधित नोंदी पुसण्यास मनाई करणारा आदेशही त्यात घालता येतो. सूची नसेल, तर लाखो संदेशांतून हवा तो शोधण्यासाठी वकिलांचे महिने आणि अशिलाचे पैसे खर्च होतात.

दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. कंपनी कायद्यानुसार हिशेबाच्या वह्या आठ वर्षे जपाव्या लागतात. मात्र सर्व काही कायमचे साठवणे हा उपाय नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्व असे की, हेतू संपल्यावर, अन्य कायद्याची गरज नसल्यास, वैयक्तिक माहिती पुसली जावी. कर्मचाऱ्यांच्या खासगी पत्रव्यवहारावर बेलगाम नजर ठेवण्याची मुभा अभिलेखागाराच्या नावाखाली मिळू नये. काय जपायचे, किती काळ आणि पाहण्याचा अधिकार कोणाला, हे लेखी धोरणात आधीच ठरले पाहिजे.

वेर्णा येथील औषध कंपन्यांपासून किनारपट्टीवरील हॉटेलांपर्यंत गोव्यातील व्यवहारही आता ई-मेलवरच ठरतात. पुरवठ्याचा वाद, थकलेली देयके किंवा कामगाराची तक्रार न्यायालयात गेली की, सुस्थितीतील नोंद असणाऱ्याची बाजू भक्कम ठरते. छोट्या पुरवठादाराच्या हाती तर अनेकदा तेवढाच पुरावा असतो. तो जपण्याची व्यवस्था वाद उद्भवण्यापूर्वीच उभी करावी लागते. नोटीस हाती पडल्यावर ती करता येत नाही.