दादा कोंडके : जमा आणि नावे

काही घरांत एखादा माणूस असा असतो, की त्याच्या कमाईवर घर चालते, पण पाहुणे आले की त्यालाच हळूच सांगण्यात येते, "तू जरा आत बस." मराठी चित्रपटाच्या घरातला असा माणूस म्हणजे दादा कोंडके.

हे लिहिण्यास एक निमित्त घडले. स्नेहसंमेलनाची तयारी चालू असताना आम्ही चौघांनी दादांच्या धर्तीवरचा दहा मिनिटांचा एक विनोदी प्रवेश सुचविला होता. तो वहीत लिहून काढला होता आणि वही सोबत नेली होती. वही उघडण्यापूर्वीच उत्तर मिळाले, "दादा कोंडके नकोत. पालक येतात." त्याच बैठकीत कानडी विभागाच्या मित्रांनी डॉ. चंद्रशेखर कंबार यांच्या 'जोकुमारस्वामी' नाटकातला एक प्रवेश सुचविला. तो एकमताने मंजूर झाला आणि पुढे उत्तम रंगलाही. मी त्याचा पडदा ओढायला होतो. टाळ्या वाजल्या तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण डोक्यात एक प्रश्न शिरला, तो अजून गेलेला नाही. आपण विनोदाला नाही म्हणतो ते नेमके कशामुळे? त्यात काय आहे हे पाहून, की तो कोणाचा आहे हे पाहून?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. साहित्याची समीक्षा मला येत नाही. पण खातेवहीचा एक नियम आम्हांला पहिल्याच तासाला शिकवितात : जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय शिल्लक काढायची नाही. दादांच्या बाबतीत आपल्या सुशिक्षित समाजाने एकच बाजू लिहून खाते बंद केले आहे, असे मला वाटते.

प्रथम जमेची बाजू पाहू. कृष्णा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईच्या गिरणगावात, नायगावच्या चाळवस्तीत झाला. घर गिरणीवर पोसलेले, मूळ गाव भोरकडचे. मोठेपणी त्यांनी 'अपना बाजार'मध्ये नोकरी केली, बँडपथकात वाद्ये वाजविली, सेवादलाच्या कलापथकात कामे केली. कोणत्याही नाट्यशिक्षणसंस्थेचा शिक्का त्यांच्यावर नव्हता. त्यांची शाळा म्हणजे चाळीतला गणेशोत्सव आणि समोर बसलेला गिरणीकामगार. हा प्रेक्षक कंटाळला तर जांभई लपवीत नाही, आणि आवडले तर शिट्टीही रोखून धरीत नाही. अशा परीक्षकांपुढे जो उतरला, त्याला पुढे कोणत्या परीक्षेची भीती?

वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात दादा हवालदार झाले. या लोकनाट्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. लिहिलेल्या संवादांत त्या त्या दिवसाच्या घडामोडी घालून राज्यकर्त्यांना टोले मारणे, ही दादांची खासियत होती. तमाशातल्या सोंगाड्याला हा अधिकार पूर्वीपासून आहे. राजाच्या दरबारात राजाला हसण्याची मुभा त्या एकट्यालाच असते. दादांनी तो अधिकार गिरणगावातून शिवाजी मंदिरापर्यंत नेला.

पुढे भालजी पेंढारकरांनी त्यांना 'तांबडी माती' (१९६९) या चित्रपटात घेतले. त्या वर्षीच्या उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, दादांनी स्वतः निर्माता होऊन 'सोंगाड्या' काढला. लेखक पुन्हा सबनीसच. भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो, आई त्याला घराबाहेर काढते आणि तो तमाशातच सोंगाड्या होतो, एवढीच गोष्ट. मुंबईत दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाने तो लावण्यास नकार दिला तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांनी मध्ये पडून तो लावावयास लावला, ही हकिकत सर्वश्रुत आहे. पण चित्रपट लावून घेणे निराळे आणि तो चालणे निराळे. आठवड्यामागून आठवडे लोकांनी तिकिटे काढली, ती काही कोणाच्या दबावाने नव्हे.

त्यानंतरची खतावणी पाहा. 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३), 'पांडू हवालदार' (१९७५), 'तुमचं आमचं जमलं' (१९७६), 'राम राम गंगाराम' (१९७७), 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' (१९७८), 'ह्योच नवरा पाहिजे' (१९८०), 'आली अंगावर' (१९८२). लागोपाठ नऊ चित्रपटांचा रौप्यमहोत्सव, म्हणजे प्रत्येकी पंचवीस आठवडे, म्हणून दादांचे नाव गिनीज बुकात नोंदले गेले.

आमच्या शाखेच्या दृष्टीने यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दादांनी एक संच बांधला आणि तो वर्षानुवर्षे टिकविला. नायिका बहुधा उषा चव्हाण, आईच्या भूमिकेत रत्नमाला, गाण्यासाठी महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर, आणि 'पांडू हवालदार'पासून संगीताला राम-लक्ष्मण. लोंबती नाडी असलेली ढगळ अर्धी चड्डी हा त्यांचा ट्रेडमार्क. मोठी जाहिरात न करताही प्रेक्षकाला आपला माल दुरून ओळखू आला पाहिजे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. हिंदी चित्रपट बाजार व्यापून बसलेले असताना मराठी चित्रपट नफ्यात चालविता येतो, हे त्यांनी एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा सिद्ध केले. 'पांडू हवालदार'ने अशोक सराफ यांना घराघरांत पोहोचविले. त्याच अशोक सराफ यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सर्वांनी आनंद मानला, आणि तो योग्यच होता. दादांच्या वाट्याला असा सन्मान कधी आला नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. दादा द्व्यर्थी बोलत. बोलत, हे खरेच आहे. पण द्व्यर्थी बोलणे म्हणजे काय, हे आपल्या सीमाभागातल्या मुलांइतके कोणाला कळणार? आमच्या शेजारच्या कानडी आजी मला लहानपणी जेवायला बसवून प्रेमाने "ऊटा माडू" म्हणत, म्हणजे "जेव". मला त्यातले "ऊठ" एवढेच ऐकू येई आणि मी ताटावरून उठून उभा राही. एका शब्दाचे दोन अर्थ घेऊनच आम्ही वाढलो. दादांची युक्ती या जातीचीच होती. ते सरळ अर्थाने बोलत आणि चेहरा असा भाबडा ठेवीत, की दुसरा अर्थ काढण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर पडे. हसणारा हसतो तेव्हा तो आपल्याच मनातल्या अर्थाला हसत असतो. चारचौघांत दादांना हसताना सभ्य माणूस चोरटा होतो, याचे कारण मला यातच दिसते. चोरी आपली उघडी पडते आणि आपण शिक्षा दादांना करतो.

शिवाय त्यांच्या विनोदात केवळ शब्दच होते, हेही खरे नाही. माझ्या आजोबांनी 'सोंगाड्या' जत्रेतल्या तंबूत पाहिला. सोबत त्यांचे एक कानडी भाषक दोस्त होते. आजोबा प्रत्येक कोटी त्यांना कानडीत समजावून सांगू लागले. पण समजावून सांगितलेली कोटी जागीच मरते. थोड्या वेळाने आजोबांनी तो नाद सोडला. तरीही दोस्त हसतच होते. दादांचे आईला घाबरणे, उशिरा उघडणारे तोंड, नाडी सावरण्याची धांदल, याला भाषांतर कशाला लागते? मी हे चित्रपट मोबाइलवर पाहिले. तंबूतले हसू माझ्या वाट्याला आले नाही, याची मला खंत आहे.

आता 'जोकुमारस्वामी'कडे. जोकुमार हा उत्तर कर्नाटकात भाद्रपदात पुजला जाणारा संततीचा देव. नाटकातल्या गौडाला मूल नाही. त्याच्यासाठी व्रताची म्हणून केलेली पडवळाची भाजी शेत कसणाऱ्या बसण्णाच्या पोटात जाते आणि गौडतीची कूस त्याच्यापासून उजवते. यात सूचक बोलणे किती आहे, हे नाटक वाचणाऱ्याला सांगावयास नको. पण कंबारांनी त्या हसण्यातून विचारले आहे, की जमीन कोणाची? कसणाऱ्याची की नावावर असणाऱ्याची? आपल्याच जिल्ह्यातल्या घोडगेरीत जन्मलेल्या या लेखकाला २०१० सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. कानडी समाजाने आपल्या मातीतला चावटपणा सोवळे सोडून वाचला, त्यातले मोल ओळखले आणि त्याला अभ्यासाचा विषय केले.

कोणी म्हणेल, "कंबार कोठे आणि दादा कोठे!" हा भेद मलाही मान्य आहे. दादांच्या एकाही चित्रपटाला मी 'जोकुमारस्वामी'च्या पंक्तीला बसविणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की एकाचे पुस्तक उघडून मग निकाल दिला गेला आणि दुसऱ्याची वही न उघडताच. आणखी एक गंमत पाहा. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आपल्याकडे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एकत्र बसून पाहतात, त्यातले संवाद पाठ म्हणतात. ते संवाद लिहिणारे वसंत सबनीसच 'विच्छा' आणि 'सोंगाड्या'चे लेखक. लेखक तोच, पण शहरातल्या बंगल्यात राहणारी, पॅन्ट घातलेली पात्रे चालतात आणि चड्डीची नाडी लोंबणारा चालत नाही. मग आक्षेप शब्दांना आहे की चड्डीला?

आता नावे बाजू. ती लिहिली नाही तर हा लेखही एकतर्फी ठरेल. पहिली नोंद स्त्रियांची. 'सोंगाड्या'तल्या कलावतीला स्वतःची कला आहे, मान आहे. पुढच्या काळातल्या चित्रपटांत नायिका पुष्कळदा कोटी झेलण्यापुरती उरते. पूर्वी विनोद नाम्याच्या भोळेपणावर होई. नंतर तो समोरच्या बाईच्या अंगावर होऊ लागला. माझ्या वर्गातल्या मैत्रिणी म्हणतात, "आम्हांला यात हसू येत नाही." त्यांना "विनोदबुद्धी नाही" असे म्हणून गप्प बसविणे हा अन्याय होईल.

दुसरी नोंद पुनरावृत्तीची. एकदा खपलेला माल त्यांनी तोच तोच बाजारात आणला. द्व्यर्थ संवादातून चित्रपटाच्या नावातच चढून बसला. 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (१९८६) हे हिंदी नाव वाचताच सारे कळते. मग भाबड्या चेहऱ्याला काम काय उरले? हिंदीत गेल्यावर बोलीची मातीही पायाखालून गेली. चावटपणा तेवढा भाषांतरित झाला, गाव मागे राहिले.

तिसरी गोष्ट नोंदवावी, पण ती दादांच्या नावावर टाकता येत नाही. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतल्या असंख्यांची नोकरी परत आली नाही. त्याच वर्षीच्या 'आली अंगावर'नंतर रौप्यमहोत्सवांची ती ओळ पुढे तशी राहिली नाही. संपामुळेच असे झाले, असे मी म्हणत नाही. रंगीत दूरदर्शन आणि व्हिडिओही त्याच सुमारास आले. पण ज्याच्या पगारातून तिकीट निघत होते, तो प्रेक्षकच हातावर हात ठेवून बसला, हे विसरून दादांच्या उतरणीचा हिशेब मांडता येणार नाही.

दादा १४ मार्च १९९८ रोजी गेले. अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'एकटा जीव' आहे. सबंध महाराष्ट्राला हसविणाऱ्या माणसाच्या पुस्तकावर हे नाव असावे, याचा थोडा विचार आपणही करावा. ज्याला आपण अंधारात हसलो, त्याला उजेडात ओळख दिली नाही.

शिल्लक काढायची तर माझ्या हिशेबाने जमा बाजू जड भरते. कोणाचा हिशेब निराळा येईल, येऊ दे. पण त्यासाठी खाते उघडावे लागेल. म्हणून गुरुजनांना एक नम्र विनंती आहे. पुढच्या वर्षी मराठी आणि कानडी या दोन्ही विभागांनी मिळून 'सोंगाड्या' दाखवावा आणि नंतर तासभर मोकळी चर्चा ठेवावी. 'जोकुमारस्वामी' वाचलेले मित्र बोलतील, ज्यांना दादा खटकतात त्या मैत्रिणी सर्वांत आधी बोलतील. पालकांनाही बोलवावे. माझा अंदाज आहे, की त्यांच्यापैकी कित्येकांना त्यातली गाणी पाठ निघतील.

आमची वही अजून जपून ठेवली आहे. प्रवेश कदाचित सामान्यच असेल. तो वाचून "चांगला नाही" असे कोणी म्हटले, तर आम्ही मुकाट्याने ऐकू.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष