परसबाग सुरू होते ओल्या कचऱ्यापासून

फाल्गुन लागला की शहरांतल्या रोपवाटिकांसमोर गाड्या उभ्या राहू लागतात. प्लॅस्टिकच्या कुंड्या, कोकोपीटच्या विटा, गांडूळखताच्या पिशव्या, भेंडी-गवार-काकडीच्या बियांची पाकिटे असे सामान डिकीत भरले जाते आणि गच्चीवर किंवा बाल्कनीत बाग उभी राहते. चार भाज्या घरी पिकवाव्यात, निसर्गाला धरून जगावे, या इच्छेचे स्वागतच करायला हवे. पण ज्या घरात खताची पिशवी विकत येते, त्याच घरातून रोज सकाळी भाज्यांची देठे, फळांची साले, चहाचा चोथा आणि नासलेली कोथिंबीर घंटागाडीत जाते. खताचा कच्चा माल बाहेर टाकायचा आणि तयार खत पैसे मोजून आणायचे, ते ज्या पिशवीतून आले ती पिशवीही पुन्हा कचऱ्यातच टाकायची, याला पर्यावरणस्नेही जगणे म्हणता येणार नाही. घरच्या बागेचे मोल तिने किती किलो भाजी दिली यावर ठरवणे मला चुकीचे वाटते. किती ओला कचरा उंबऱ्याबाहेर गेला नाही, हा तिचा खरा हिशेब. तो मान्य केला तर बागेची सुरुवात रोपांच्या खरेदीने न होता कंपोस्टच्या बादलीने होते, आणि आपल्याकडचा वसंत त्यासाठी वर्षातला सर्वांत सोयीचा काळ ठरतो.

ओला कचरा ही किरकोळ गोष्ट नाही. आपल्या शहरांतल्या एकूण कचऱ्यात त्याचा वाटा साधारण निम्मा असतो. चौघांच्या घरात तो रोज अर्धा ते एक किलो निघतो. एकट्या पुण्यात रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा गोळा होतो. सुक्या कचऱ्यात मिसळलेला ओला कचरा कागद आणि प्लॅस्टिकही वाया घालवतो. ढिगाखाली दबून हवेवाचून कुजला की त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो आणि ढिगाला आग लागली की तीही भडकवतो. मुंबईत १९२७ पासून कचरा झेलणारे देवनार २०१६ च्या जानेवारीत असे पेटले की धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा पूर्वी कोथरूडला जायचा. कोथरूड वस्तीने भरले तशी ही ब्याद उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी आली. तिथल्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी वारंवार गाड्या अडवल्या. आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबादमध्ये २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या ग्रामस्थांनी डेपोचा रस्ता रोखला, आणि मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा टाकण्यावरून दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमार झाला. शहर कचरा 'टाकते' तेव्हा तो कुणाच्या तरी दारात पडतो. घरच्या बागेचा विचार करताना हे दार नजरेआड करता येत नाही.

कचऱ्याचे खत करण्याची वाट नवी नाही, आणि परकी तर नाहीच. कंपोस्टची जी पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, ती अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरात, तिथल्या कृषी संशोधन संस्थेत बसवली. शेतातला काडीकचरा, शेण, माती यांचे थर कसे द्यावेत, ओल किती असावी, ढीग केव्हा परतावा, हे त्यांनी इथल्या शेतकऱ्यांच्या आणि पूर्वेकडच्या देशांतल्या जुन्या चालीरीती पाहून शास्त्रीय शिस्तीत मांडले. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून हाच विचार सामान्य माणसाच्या अंगणापर्यंत आणला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी जी बाग फुलवली तिचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण ती भाजीच्या हौसेतून उभी राहिली नाही. हजारो कामगारांचे जेवण रांधणाऱ्या त्या स्वयंपाकघरातला ओला कचरा रोज कुठे न्यायचा, हा तिथला प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना माती तयार झाली आणि मातीपाठोपाठ भाज्या, फळे आली.

आता वसंताकडे वळू. थंड देशांत पानगळ शरदात होते आणि वसंतात पालवी फुटते. त्यांच्या पुस्तकांतली बागकामाची वेळापत्रके त्या क्रमाने बेतलेली असतात. आपल्याकडे माघ-फाल्गुनात पिंपळ, करंज, देशी बदाम, महोगनी आपली पाने झाडून टाकतात आणि लगेच नवी पालवी लेतात. म्हणजे कंपोस्टला जो कोरडा, कार्बनयुक्त माल लागतो, तो याच दोन महिन्यांत रस्तोरस्ती, फुकट पडलेला असतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी भरपूर असते, कार्बन कमी. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना साधारण ३० भाग कार्बनाला १ भाग नत्र असे प्रमाण मानवते. ही तूट वाळलेले पान भरून काढते. आपण मात्र ते झाडून, ढीग करून पेटवतो. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरात दिला, तरी फाल्गुनातल्या सकाळी सोसायटीच्या कोपऱ्यात धूर दिसतोच. पुण्यात 'ब्राउन लीफ' या उपक्रमाने पाने नको असलेल्यांची गाठ पाने हवी असलेल्यांशी घालून दिली. एवढी साधी देवाणघेवाण प्रत्येक प्रभागात होऊ शकते.

घाण येईल, अळ्या होतील, डास वाढतील, ही पहिली हरकत. ती खोटी नाही, पण बहुतेक वेळा चुकीच्या भरणीमुळे ती खरी ठरते. भोके पाडलेल्या बादलीच्या तळाशी बोटभर पाचोळा, त्यावर बारीक चिरलेला ओला कचरा, त्यावर पुन्हा तेवढाच किंवा दुप्पट पाचोळा, आणि विरजणासारखे मूठभर जुने खत किंवा थोडे आंबट ताक, एवढेच हे काम आहे. चार-पाच दिवसांनी काठीने खालवर केले की आत हवा खेळते. मिश्रण मुठीत दाबून पाहावे. हात ओलसर झाला पण पाणी टपकले नाही, तर ओल बरोबर आहे. टपकले तर पाचोळा वाढवावा, कारण वास येतो तो जादा पाण्याचा आणि कोंडलेल्या हवेचा. तेलकट खरकटे आणि मासळी-मटणाचे उरलेले मात्र घरच्या छोट्या बादलीत घालूच नये, नाहीतर उंदरांना आमंत्रण मिळते. डासांचे म्हणाल तर डेंग्यूचा डास कंपोस्टमध्ये वाढत नाही, तो साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी कोरड्या करायलाच हव्यात. या बाबतीत आळस केला तर शेजाऱ्यांची तक्रार रास्तच ठरेल.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. ज्या राज्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तिथे ऐन उन्हाळ्यात कुंड्यांना पाणी घालायचे? जिथे पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथे नाहीच घालायचे. तिथे या दिवसांत नुसते खत करावे, लावणीसाठी पावसाची वाट पाहावी. पण नळाला रोज पाणी असलेल्या घरातही डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी गटारात जाते, आणि दहा कुंड्यांची गरज बादलीभर पाण्याच्या आसपास असते. त्यातही खत असलेली माती पाणी धरून ठेवते आणि कुंडीत पाचोळ्याचे आच्छादन असेल तर उन्हाने ती लवकर सुकत नाही. ज्या बागेत माती आधी घडली तिलाच उन्हाळ्यात कमी पाणी पुरते, हे रोपे आधी आणणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पिकाबद्दलही खोटी आशा दाखवू नये. कांदे, बटाटे, रोजची पोळीभाजी गच्ची पुरवणार नाही. माठ, अंबाडी, चवळीची पालेभाजी, अळू, मिरची, कढीपत्ता आणि उन्हाची जागा असेल तर एखादा दोडक्याचा वेल, इतके झाले तरी पुष्कळ. पालकाला, मेथीला एप्रिलचे ऊन सोसत नाही. ती थंडीसाठी ठेवावीत.

हे तर महापालिकेचे काम, नागरिकावर का ढकलता, असेही विचारले जाते. महापालिकेची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. पण २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा वेगळा करण्याचे काम ज्याच्या घरात तो निर्माण होतो त्याच्यावरच टाकले होते, आणि न वेगळा केलेला कचरा कुठलाही प्रकल्प नीट पचवू शकत नाही. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्पासाठी मालमत्ता करात सवलत देते. ती चालू प्रकल्पालाच मिळावी, सवलतीपुरते बांधलेले टाके बंद पडले असतील तर ती काढून घ्यावी, आणि उद्यान विभागाने आपला पाचोळा नागरिकांना नेऊ द्यावा. घरातली जबाबदारीही स्पष्ट वाटली पाहिजे. कचरा चिरणे, थर देणे, खालवर करणे ही कामे घरातल्या बाईच्या किंवा कामाला येणाऱ्या मावशींच्या दिवसभराच्या कामात गुपचूप जाऊन बसणार असतील, तर पर्यावरणाच्या नावाने आणखी एक ओझे लादल्यासारखे होईल. कुंडीतल्या पहिल्या मिरचीचा फोटो काढणाऱ्याने बादलीही हलवावी.

फाल्गुनात भरायला घेतलेली बादली उन्हाळ्याच्या उष्णतेने दोन-तीन महिन्यांत तयार होते. माल चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतो, काळा, भुसभुशीत होतो आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. वर्षभर बादल्या चालू ठेवल्या तर बाल्कनीतल्या कुंड्यांना पुरून खत उरते. ते सोसायटीच्या आवारातल्या झाडांना किंवा रस्त्याकडेच्या त्याच करंज-पिंपळाच्या आळ्यात घालता येते. आणि कुंड्यांपुरते म्हणाल तर मृगाच्या आधी हे खत मातीत मिसळून काकडी, दोडका, कारले, भेंडी लावता येते.