राजा घाट, हुंडी आणि मोडेम

काशीच्या राजा घाटाच्या दगडी पायऱ्या महाराष्ट्राशी नाते सांगतात. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी हा घाट बांधून काढला. १८२४ मध्ये त्यांचे निधनही काशीतच झाले. त्या काळी दूरदेशी पैसा पाठविण्याचे भरवशाचे साधन म्हणजे हुंडी. नाणी जागची हलत नसत. कागदाचा एक तुकडा शेकडो कोस प्रवास करी आणि त्याच्या आधारे परगावचा सावकार रक्कम मोजून देई.

हा विश्वास आंधळा मात्र नव्हता. हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’ आणि तीही हरवल्यास ‘परपेठ’ लिहून दिली जाई. शहाजोग हुंडीची रक्कम पतदार व्यक्तीलाच मिळे. घेणारा कोण, याची खातरजमा करणे हे सावकाराचे कर्तव्यच असे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि हीच रीत जणू टेलिफोनच्या तारेवर आली. घरातील संगणकाचा मोडेम दूरच्या सर्व्हरला फोन लावी. मग शिट्ट्या आणि खरखर ऐकू येई. तो निव्वळ गोंगाट नव्हता; दोन्ही मोडेम तारेची गुणवत्ता अजमावून संभाषणाचा वेग ठरवीत असत. त्यानंतर नाव व पासवर्ड यांची तपासणी होई. वाटेत माहितीचा एखादा भाग बिघडलाच, तर तो पुन्हा मागविला जाई. ही जणू हुंडीची पेठच! काम संपले, जोडणी तुटली, की घरचा फोन मोकळा होई.

आज जोडणी अखंड आहे. वाढलेल्या वेगाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु जोडणी केव्हा जुळली, केव्हा तुटली, हे सांगणारी खूण मात्र नाहीशी झाली. एवढेच नव्हे, तर दिशाही उलटली. पूर्वी घरातील संगणक सर्व्हरला साद घालीत असे. आता अनोळखी आवाज ग्राहकाला साद घालतो, एखादे ॲप उतरवून घ्यावयास सांगतो आणि ग्राहकाच्या मोबाईलचा पडदा दूरवरच्या भामट्यास दिसू लागतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा ॲपविषयी बँकांना सावध केले होते. तरीही क्षणभराच्या घाईत आयुष्यभराची पुंजी नाहीशी होऊ शकते.

ओटीपी, पासवर्ड, पुन्हा पडताळणी ही कटकट आहे, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. वस्तुतः विलंबाचे हे चार क्षण म्हणजेच ग्राहकाचे संरक्षण होय. जबाबदारी मात्र एकट्या ग्राहकाची नाही. तीच शंका तिसऱ्यांदा विचारणाऱ्या वृद्ध खातेदारास शांतपणे उत्तर देणे, हेही बँकेच्या सुरक्षाव्यवस्थेचेच अंग आहे. फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ बँकेस आणि १९३० या क्रमांकावर कळवावे.

अंतर तंत्रज्ञानाने मिटते. विश्वास मात्र पडताळणीनेच टिकतो.