संध्याकाळी घरी कोणाला सोडावे?

हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध अशा शस्त्रक्रियांसाठी सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी जाणे आता शहरांत रुळले आहे. प्रश्न येतो तो आधीच मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांचा. त्यांना एक रात्र ठेवून घ्यावे, असे म्हणणाऱ्या डॉक्टरांची भीती पोकळ नाही. रक्तस्राव किंवा घसरलेली साखर मध्यरात्री घरच्यांच्या लक्षात येईलच असे नाही. आली तरी गावाहून शहर गाठायला वेळ लागतो.

मात्र रुग्णालयातली रात्रही निर्धोक नसते. तिथल्या जंतूंचा संसर्ग होऊ शकतो, वयस्कर माणूस परक्या खाटेवर भांबावतो, मधुमेह्याच्या जेवणाचे आणि इन्सुलिनचे वेळापत्रक विस्कटते. शिवाय भूलतज्ज्ञ आजाराच्या नावापेक्षा तो किती आटोक्यात आहे हे पाहतात. त्यांच्या प्रचलित श्रेणींत आटोक्यातला मधुमेह दुसरीत बसतो, आटोक्याबाहेरचा तिसरीत. ब्रिटनमधील 2016 च्या मार्गदर्शनानुसार पूर्वतपासणीत रक्तदाब 180/110 च्या खाली असेल, तर केवळ त्यापायी शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचे कारण नाही.

दुसरीकडे, एका आजारात सावधांचीच बाजू वरचढ ठरते. झोपेत श्वास अडकण्याचा विकार अनेकांना असतो, पण घोरण्याची घरात थट्टा होते, तपासणी होत नाही. भुलीचा अंमल आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांनी घशाचे स्नायू आणखी सैलावतात, श्वासही मंदावतो. अशा रुग्णाला या औषधांविना वेदना सोसवणार नसतील, तर त्याला रात्री घरी पाठवू नये.

बाकी आजारांत आमचा कल घराकडे आहे, पण दोन अटींवर: आजार स्थिर हवा आणि घरी पहिली रात्र सोबतीला जाणते माणूस हवे. एकट्या राहणाऱ्या आजोबांना निव्वळ ‘फिटनेस’च्या कागदावर सोडणे योग्य नव्हे, मग विमा कंपनी काहीही म्हणो.

गोळ्यांचेही तसेच. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या सहसा शस्त्रक्रियेच्या किमान 3 दिवस आधी थांबवाव्या लागतात. नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते. उलट रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या अचानक सोडणेच घातक. म्हणून पूर्वतपासणीला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या, काय थांबवायचे ते भूलतज्ज्ञांनाच ठरवू द्या आणि रात्री तुमचे घोरणे ऐकणाऱ्या माणसाला सोबत न्या.